वधस्तंभावरच्या मरणाला ‘गौरव’ कसे म्हणतात?

शेळगीकर

नमस्कार. सोलापुरातील एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झालो. एका जुन्या ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर यंदा प्रथमच उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेला गेलो होतो. दुपारी बारा ते तीनची वेळ होती, बाहेर ऊन मी म्हणत होते, आणि आत येशूचे वधस्तंभावरील सात उद्गार एकेक करून वाचून त्यांवर प्रवचने चालली होती. दुःखाचा दिवस असल्याने दुःखाचीच भाषा ऐकायला मिळेल अशी माझी समजूत होती. परंतु मधल्या एका प्रवचनात पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानातील जे उतारे वाचले त्यांत ‘गौरव’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि मरण अगदी दाराशी आलेले असताना ‘माझ्या गौरवाची वेळ आली आहे’ अशा अर्थाचे येशू स्वतःच बोलतो, हे ऐकून मी थबकलो.

माझी अडचण अशी आहे. बलिदानाचा गौरव सोलापूरकराला नवा नाही. १९३० साली या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. आज शहरात त्यांचे पुतळे आहेत आणि दरवर्षी त्यांना हार घातले जातात. मात्र हा गौरव मागाहून आलेला आहे. फाशीच्या त्या क्षणालाच गौरव म्हणावे असे मला कधी सुचले नाही. आधी बलिदान आणि मग गौरव, हाच क्रम मी वर्गात सांगत आलो.

ख्रिस्ती शिकवणही हाच क्रम सांगते काय? तसे असेल तर त्याग ही गौरवासाठी भरलेली आगाऊ रक्कम ठरते. ‘ज्याला पहिला व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे’ हे वचनसुद्धा मला पहिला होण्याची युक्ती सांगितल्यासारखे वाटते. बायबलमधील, पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर ख्रिस्त नम्र झाला, त्याने मरण सोसले आणि ‘ह्यामुळे’ देवाने त्याला अत्युच्च केले, असे स्पष्टच आहे. व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण या ‘ह्यामुळे’पाशी मी अडलो आहे. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.


पाळक, रेल्वे लाइन्स

गुरुजी, सलाम. आपण ज्या शब्दापाशी अडलात तिथे येतोच, परंतु त्याआधी ‘गौरव’ या शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे, आणि आपण मराठीचे शिक्षक असल्यामुळे ते सोपे जाईल.

‘गौरव’ हा शब्द ‘गुरु’पासून, म्हणजे जड यापासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ वजनदारपणा. जुन्या करारातील हिब्रू शब्द ‘काबोद’ हाही वजनाच्याच धातूपासून आलेला आहे. दोन परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांनी एकाच वाटेने हा शब्द घडवावा याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. देवाचे ‘काबोद’ म्हणजे त्याचे खरे वजन, तो मुळात जो आहे ते समोर प्रकट होणे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत त्यासाठी जो ‘डोक्सा’ हा शब्द आला, त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र मत, नावलौकिक, चारचौघांतली पत असा होता. आपल्या प्रश्नात गौरव हा दुसऱ्या अर्थाने आला आहे: लोकांनी दिलेला मान, जो उशिराही मिळू शकतो आणि मुळीच मिळणार नाही असेही होऊ शकते. योहान पहिल्या अर्थाने बोलतो. वजन नंतर मिळत नाही; ते असतेच, आणि एखाद्या प्रसंगी जाणवते.

आता योहानाची रचना पाहा. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही डोंगरावरील रूपांतराचा प्रसंग सांगितला आहे, ज्यात येशूची वस्त्रे लखलखीत होतात आणि शिष्य भयभीत होतात. योहानाच्या शुभवर्तमानात तो प्रसंगच नाही. ‘आम्ही त्याचा गौरव पाहिला’ असे पहिल्याच अध्यायात लिहिणाऱ्या लेखकाने गौरवाचा सर्वांत झगझगीत प्रसंग गाळावा, हे नजरचुकीने झाले असे मानता येत नाही. त्याऐवजी तो ‘वेळ’ हा शब्द पेरत जातो. काना गावच्या लग्नात येशू आईला सांगतो की माझी वेळ अजून आलेली नाही; त्यानंतरही दोनदा त्याच्यावर कोणी हात टाकत नाही, कारण त्याची वेळ आलेली नसते. बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक त्याला भेटू इच्छितात. कोणत्याही पुढाऱ्याला परमुलखातले लोक शोधत आले म्हणजे कीर्ती पसरली असेच वाटले असते. येशू त्यावर म्हणतो की आता वेळ आली आहे, आणि लगेच गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो, जो मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. पुढच्या अध्यायात यहूदा इस्कर्योत त्याला धरून देण्यासाठी बाहेर पडतो, ‘तेव्हा रात्र होती’ एवढेच योहान लिहितो, आणि दार बंद होताच येशूच्या तोंडचे पहिले वाक्य असे की आता मनुष्याच्या पुत्राचा, म्हणजे त्याचा स्वतःचा, गौरव झाला आहे. ‘होईल’ असे तो म्हणत नाही.

आणखी एक शब्द. योहान वधस्तंभाविषयी ‘उंच केले जाणे’ असे म्हणतो. त्या ग्रीक क्रियापदाचे उचलणे आणि उच्च पदाला नेणे असे दोन्ही अर्थ होतात, आणि योहानाला ते दोन्ही एकाच वेळी हवे आहेत. हा खेळ त्याच्या पदरचा नाही. जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथात बावन्नाव्या अध्यायाच्या शेवटी देवाच्या सेवकाचे गीत सुरू होते. त्याच्या पहिल्या ओळीत सेवक उच्च होईल असे आहे, आणि पाठोपाठ त्याचा चेहरा माणसासारखा राहिला नव्हता असेही आहे. योहानाने हे गीत वाचलेले होते. त्यातील वचन तो बाराव्या अध्यायात उद्धृत करतो.

तेव्हा त्याच्या मते वधस्तंभ हा गौरवाकडे नेणारा जिना नव्हे. देव कसा आहे हे जिथे पूर्ण वजनानिशी दिसले, ती जागा म्हणजे वधस्तंभ. मार्टिन लूथरने १५१८ साली हायडेलबर्ग येथील वादसभेत वधस्तंभाचे धर्मज्ञान आणि गौरवाचे धर्मज्ञान यांत जो भेद केला, त्याचा रोख हाच होता. देवाला सामर्थ्यात आणि झगमगाटात शोधणारा मनुष्य वाइटाला चांगले म्हणू लागतो, असे त्याचे म्हणणे होते.

आपला ‘ह्यामुळे’ मी विसरलेलो नाही. उद्या लिहितो.


यंत्रमाग, पूर्व भाग

पाळकसाहेबांइतके माझे वाचन नाही. आमचा टॉवेलचा धंदा आहे, म्हणून योहानाच्या तेराव्या अध्यायाकडे माझे लक्ष लहानपणापासून जाते. त्यात येशू जेवणावरून उठतो, अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याच रुमालाने पुसतो. आमच्याकडे विणला जातो तसा धाग्यांच्या वेढ्यांचा टॉवेल त्या काळी नव्हता. मूळ ग्रीकमध्ये जवसाच्या धाग्याच्या कापडासाठीचा शब्द आहे असे एका अभ्यासवर्गात ऐकले होते. पाणी पुसायचे कापड हे घरातले सर्वांत बिनमानाचे कापड असते. चादर पाहुण्याला दाखवून विकता येते. टॉवेल एकदा वापरात आला की तो दाराआड टांगला जातो.

त्या वर्गात ऐकलेली दुसरी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. वस्त्रे ‘काढून ठेवणे’ आणि पुन्हा ‘घेणे’ यांसाठी योहानाने जी दोन क्रियापदे वापरली आहेत, तीच त्याने दहाव्या अध्यायात, मेंढपाळ आपला प्राण देतो आणि पुन्हा घेतो असे सांगताना वापरली आहेत. म्हणजे पाय धुण्याचा प्रसंग ही दुसऱ्या दिवशीच्या मरणाची आधीच केलेली खूण होती.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची आहे, चूक असल्यास सांगावे. पाय धुऊन झाल्यावर येशूने वस्त्रे घेतली आणि तो पुन्हा बसला असे लिहिले आहे. कमरेचा रुमाल सोडला असे कुठेही लिहिलेले नाही.


रात्रपाळी

सर्वांचे लिखाण वाचले. मी ख्रिस्ती कुटुंबात वाढले, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, मला या चर्चेत एक गोष्ट खटकते.

माझी आई विड्या वळत असे. पानांची कड कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत तिची मान वर होत नसे, आणि त्यानंतर घरातली सर्व कामे असत. रविवारी तिला सेवेविषयी आणि नम्रतेविषयी उपदेश मिळे. ती आधीच कुणाच्याही पायांपेक्षा खाली बसलेली होती. तिने आणखी खाली कुठे जायचे होते? मी स्वतः परिचारिका आहे. एका रुग्णालयात नोकरी करत असताना परिचारिका दिनी आम्हांला गुलाबाचे फूल देऊन ‘त्यागमूर्ती’ म्हटले जाई, आणि त्याच रात्री तीन जणींचे काम दोघींवर पडे. त्यागाचा गौरव हा शब्द माझ्या कानांवर नेहमी दुसऱ्यांच्या तोंडून आला आहे, आणि गौरव करणाऱ्याच्या हातात रुमाल कधी नव्हता.

म्हणून पाळकसाहेब, मला रूपक नको आहे. पवित्र गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, आपल्या मंदिरात पाय धुतले जातात तेव्हा कोण कोणाचे धुतो, एवढे सांगा.


तळ्याकाठचा

थोडक्यात लिहितो. मी सिद्धेश्वराचा भक्त आहे. ज्या तळ्याकाठी माझे घर आहे ते बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांसह श्रमून खोदले असे आम्ही मानतो, आणि शरणांच्या परंपरेत ‘दासोह’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘मी दास आहे’ असा सांगतात. कष्टाने मिळवलेले समाजाला देताना दिल्याचा अभिमान उरू नये, हे त्याचे मर्म. त्यामुळे सेवेतच मोठेपण आहे ही गोष्ट या गावाला ख्रिस्ती धर्माकडूनच कळली असे नाही, एवढे नम्रपणे नोंदवतो.

मात्र वरचे वाचताना एक फरक लक्षात आला. आमच्याकडे भक्त देवाचा दास होतो. आपल्या त्या फिलिप्पैकरांच्या पत्रात देवच दास झाला असे म्हटले आहे. हे मी बरोबर वाचले काय?


पाळक, रेल्वे लाइन्स

तळ्याकाठचे गृहस्थ अगदी बरोबर वाचत आहेत, आणि त्यांच्या वाक्यातूनच गुरुजींच्या ‘ह्यामुळे’चे उत्तर निघते.

फिलिप्पैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील तो उतारा आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात ‘तो देवाच्या स्वरूपाचा असूनही’ असा सुरू होतो. ‘असूनही’ वाचले की अर्थ असा होतो: तो देव होता, तरीही देवाला न शोभणारी गोष्ट त्याने काही काळ केली आणि नंतर बक्षीस म्हणून त्याला आधीपेक्षा उंच बसवले. परंतु मूळ ग्रीकमध्ये ‘तरीही’ दाखवणारा स्वतंत्र शब्द नाही. तिथे केवळ ‘असता’ किंवा ‘असलेला’ अशा प्रकारचे धातुसाधित आहे, आणि त्याचे ‘असूनही’ होते तसेच ‘असल्यामुळे’ही होऊ शकते. तो देवाच्या स्वरूपाचा असल्यामुळेच त्याने बरोबरीला कवटाळले नाही, स्वतःला रिक्त केले आणि दासाचे स्वरूप घेतले, असे काही अभ्यासक वाचतात. मला हेच वाचन पटते. देणे हाच ज्याचा स्वभाव आहे तो दास होताना स्वभावाविरुद्ध वागत नसतो. मग ‘ह्यामुळे देवाने त्याला अत्युच्च केले’ हे मजुरीचे वाक्य उरत नाही. जगाने ज्याला गुन्हेगार ठरवून टाकून दिले, त्याच्याकडे बोट दाखवून देवाने ‘मी असाच आहे’ असे म्हटल्याचे ते वाक्य आहे. गुरुजी, आणखी एक पाहा: तो उतारा ‘देवपित्याच्या गौरवासाठी’ या शब्दांनी संपतो. गुंतवणूक असती तर व्याज गुंतवणाऱ्याकडे यायला हवे होते.

हे पत्र कोणाला लिहिले होते तेही विसरू नये. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. सैन्यातून निवृत्त झालेले लोक तिथे वसवलेले होते आणि नागरिकत्वाचा, पदव्यांचा फार बोलबाला होता. वधस्तंभ ही रोमन नागरिकाला सहसा न दिली जाणारी, गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सुमारे ६,००० गुलाम वधस्तंभांवर टांगण्यात आले होते. तेव्हा ‘दासाचे स्वरूप घेतले’ आणि ‘वधस्तंभावरचे मरण’ हे शब्द त्या वाचकांना अलंकारिक वाटणे शक्यच नव्हते. दास झाला, आणि दासाला मिळते तेच मरण त्याला मिळाले.

आता ताईंकडे वळतो. त्यांचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. आम्ही हे वचन वर्षानुवर्षे चुकीच्या बाकांकडे तोंड करून वाचत आलो. मार्काच्या दहाव्या अध्यायात ‘सर्वांचा दास व्हावे’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? याकोब आणि योहान या दोघा शिष्य भावांनी नुकतीच गौरवात उजव्या आणि डाव्या हाताच्या जागांची मागणी केलेली असते, आणि बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडलेले असतात, बहुधा आपण आधी मागितले नाही म्हणून. परराष्ट्रांचे अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यामध्ये तसे नसावे, असे येशू या बारा जणांना सांगतो. विड्या वळणाऱ्या बाईला उद्देशून ते वाक्य नाही. आणि मार्काने पाच अध्यायांनंतर उजवी-डावीकडच्या त्या जागा कोणाला मिळाल्या ते नोंदवले आहे: दोन लुटारूंना, एक त्याच्या उजवीकडे आणि एक डावीकडे. पहिला होण्याची युक्ती म्हणून हे वाचायचे असेल, तर ही त्या युक्तीची फळे.

पाय धुण्याच्या प्रसंगातही योहान आधी एक वाक्य लिहितो, जे वाचताना घाईने ओलांडले जाते: पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून येशू उठला. सर्व काही ज्याच्या हाती आहे त्याने रुमाल उचलला. ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या हातात रुमाल कोंबणे ही याच्या अगदी उलट गोष्ट आहे, आणि तिला या प्रसंगाचा आधार घेता येत नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला यासाठी महत्त्वाचे वाटते. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही स्त्री १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली आणि केडगावी त्यांच्याबरोबर राहिली. तिने त्या मुलींना नम्रतेचे पाठ देऊन मोलकरणी केले नाही. लिहिणे-वाचणे, विणकाम, छपाई शिकवली. सेवा घेणारा उभा राहिला की नाही, हे पाहिल्याशिवाय सेवेचे मोल ठरवू नये असे मला वाटते.

ताईंच्या थेट प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. जरा विचार करून देतो.


शेळगीकर

पाळकसाहेब, ‘असूनही’ आणि ‘असल्यामुळे’ यांनी माझी झोप उडवली. एका प्रत्ययाने देव बदलतो हे मी मुलांना कधी सांगितले नाही, सांगायला हवे होते.

काल संध्याकाळी मुद्दाम चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन आलो. ‘हुतात्मा’ या शब्दाचा विग्रह मी शेकडो वेळा फळ्यावर केला असेल: ज्याने आपला आत्मा आहुती म्हणून दिला तो. त्या शब्दात पुतळा नाही, हार नाही, नंतरचे काहीच नाही. ‘बलिदानामुळे त्यांना अमरत्व मिळाले’ हे वाक्य मात्र मी दरवर्षी उतरवून देत असे, आणि ‘मिळाले’ हे क्रियापद त्यात कुठून आले याचा कधी विचार केला नाही. त्या चौघांच्या मरणाला ख्रिस्ती अर्थ चिकटवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढे देश होता आणि त्यांचे धर्मही वेगवेगळे होते. एवढेच म्हणतो की क्रमाविषयी माझी जी खात्री होती ती आता तेवढी राहिलेली नाही.

एक शंका अजून आहे. पुनरुत्थानाचे काय? तिसऱ्या दिवशी तो उठला म्हणजे शेवटी ‘आधी दुःख, मग सुख’ हाच क्रम झाला ना?


पाळक, रेल्वे लाइन्स

क्रम आहे, ते नाकारत नाही. ख्रिस्ती विश्वास पुनरुत्थानावाचून उभाच राहत नाही. परंतु योहानाच्या विसाव्या अध्यायात उठलेला येशू शिष्यांना प्रथम हात आणि कूस दाखवतो, आणि आठ दिवसांनी थोमाला त्याच जखमांत बोट घालायला सांगतो. दुःख फिटले असते, भरपाई झाली असती, तर जखमा उरायला नको होत्या. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, सिंहासनाच्या मध्यभागी जो कोकरा उभा आहे तोही वधलेला दिसतो. गौरवातसुद्धा ते व्रण पुसले गेलेले नाहीत.

ताई, आता आपला प्रश्न. २०१३ सालच्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा बंदिवानांचे पाय धुतले, त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही होते, हे मी प्रवचनात अनेकदा सांगितले आहे. आमच्या मंडळीत काय होते ते कधी सांगितले नाही. आमच्याकडे बारा पुरुष निवडले जातात, बहुतेक वडील मंडळी आणि पंच. पाय मी धुतो. मंदिर झाडणारा मनुष्य परातीत पाणी आणून ठेवतो आणि शेवटी ते बाहेर नेऊन ओततो. त्याचे पाय धुण्याचे आजवर कोणालाही सुचलेले नाही, मलाही नाही. आणि ते बारा जण घरून पाय स्वच्छ धुऊनच येतात.


रात्रपाळी

खरे सांगितल्याबद्दल आभारी आहे. पुढच्या पवित्र गुरुवारी माझी दिवसपाळी असेल तर संध्याकाळी येईन. पाय धुऊन येणार नाही.